राजाचे केस कुठं गेले

परवा माझ्या मावसबहिणीच्या, सुजाताच्या मुलीनं नागपूरहून मला फोनवर एक फोटो पाठवला. तिच्या सशाचा. ससा पांढराशुभ्र, आणि गळ्याखाली छातीवरचा तळहाताएवढा भाग उघडा पडलेला, गुलाबी. खाली लिहिलं होतं, 'मावशी, अचानक एवढे केस गेले. काय झालं असेल?' आणि पुढं रडके चेहरे. मी भंडाऱ्यात मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल आहे. रडक्या चेहऱ्यांना उत्तर देणं हे माझं रोजचं काम आहे आणि त्याची माझी एक ठरलेली रीत आहे : आधी प्रश्न, मग सल्ला, मग चहा. मी लिहिलं, खाजवतो का? अंगावरून कोंडा पडतो का? उघडी जागा गोल आहे की वेडीवाकडी? खालचं अंथरूण ओलं राहतं का? दुसरा ससा सोबत आहे का, जो याचे केस कुरतडत असेल? ऋतू बदलला की सगळ्या अंगाचे केस थोडेथोडे झडतात, तसं आहे की एकाच जागचे गेलेत? आणि शेवटचा प्रश्न, जो खरं तर मी पहिलाच विचारायला हवा होता : रोज सकाळी त्याचा पिंजरा कोण झाडतं?

मावशीला सशांबद्दल एवढं कसं माहीत, याचं तिला नवल वाटलं. मी लिहिलं, तुझ्या आईला विचार. आईला अर्धीच गोष्ट माहीत आहे, बाकीची अर्धी माझ्याकडे आहे, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आमचं घर लाखनीत, हमरस्त्यावरच्या दुकानांच्या रांगेमागं होतं. ट्रकांचा आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, इतका तो सवयीचा होता. पाहुणे आले की त्यांच्या दचकण्यावरून आम्हाला कळायचं की ट्रक गेला. मोठा ट्रक गेला की फळीवरच्या पितळी ताटल्या बारीक थरथरायच्या. बाबा राइस मिलमध्ये मिस्त्री होते, आणि त्यांच्या शर्टाला, केसांना, अगदी डब्यातल्या भाकरीलासुद्धा कोंड्याचा वास यायचा. घरामागं वाडी, वाडीपलीकडं आमच्या धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं. एक गाय, एक कालवड. आणि या सगळ्यावर माय. माय म्हणजे माझी आई. ती आता माझ्याकडेच राहते, पंच्याहत्तरी ओलांडलेली आहे, आणि माझ्या वसतिगृहातल्या स्वच्छतेत रोज सकाळी काही ना काही खोट काढते.

तिच्या खोट काढण्याला आधार आहे. लाखनीच्या घरात मला जाग यायची ती तिच्या खराट्याच्या आवाजानं. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. अजून उजाडलेलं नसायचं. अंधारात, निव्वळ हाताच्या सवयीनं, ती पुढचं अंगण, गोठा आणि मागची वाडी झाडून काढायची. गाईच्या पायाखालचं रात्रभराचं तणस, म्हणजे धान झोडून उरलेलं वाळलं गवत, दोन्ही हातांनी टोपलीत भरायचं आणि वाडीच्या टोकाला शेणखताच्या खड्ड्यात नेऊन रिकामं करायचं. त्या खड्ड्याला आमच्याकडे खातकुडा म्हणतात. मग नवं तणस पसरायचं, मग सडा. आम्ही उठून बाहेर येईपर्यंत अंगण असं दिसायचं की जणू काल इथं कोणी राहतच नव्हतं. तिच्या अंगणात पान पडायलासुद्धा भ्यायचं, असं बाबा म्हणत.

घरात मी एकटीच मुलगी. माझी कामं ठरलेली होती आणि ती मी न सांगता करायची : चुलीतली राख खातकुड्यावर टाकणं, कालवडीला पाणी, दुपारी धान वाळत घातलं असेल तर त्यावर राखण. मायला कौतुक करता यायचं नाही. काम मनासारखं झालं तर ती 'बरं' म्हणायची. एवढंच. पण ते 'बरं' मी दिवसभर तोंडात गोळी चघळावी तसं चघळायची. रात्री तिच्या शेजारी, भिंतीकडच्या बाजूला माझी जागा होती. तिच्या लुगड्याला शेणाचा, लसणाचा आणि धुराचा मिळून एक वास असायचा. त्या वासावर माझा हक्क आहे, असं मी धरून चालले होते.

दसऱ्यानंतर सुजाता आली. मायच्या धाकट्या बहिणीची मुलगी, माझ्याहून वर्षभरानं लहान. तिच्या आईला टीबी झाला होता आणि तिला नागपूरला दवाखान्यात ठेवलं होतं. वडिलांची नोकरी पाळीची. म्हणून बाबा जाऊन तिला एसटीनं घेऊन आले. तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात झाकणाची बांबूची टोपली. टोपली तिनं अंगणात ठेवली, झाकण उघडलं, आणि आतून लाल डोळ्यांचा पांढरा ससा बाहेर आला. दवाखान्यात जायच्या आधी तिच्या आईनं तो तिला बाजारातून घेऊन दिला होता. विकणाऱ्यानं सांगितलं की नर आहे, म्हणून त्याचं नाव राजा.

"मोठीमाय, याले कुठं ठेवू?" सुजातानं विचारलं. आईच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे मोठीमाय म्हणतात.

 मायनं सुजाताला जवळ ओढलं आणि तिचं डोकं पोटाशी धरून बराच वेळ उभी राहिली. मी तिथंच होते, कालवडीची बादली घेऊन. बादली जड होती. ती खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात जे जे वरचं होतं ते सुजाताकडे जायला लागलं. दुधावरची साय तिच्या भातावर. सुक्या झिंग्यांची चटणी तिला आवडते म्हणून आठवड्यातून दोनदा. तिच्या केसांना तेल आधी, माझ्या केसांना उरलेलं, तेही मायच्या हाताला लागलेलं पुसावं तसं. रात्री भिंतीकडची जागा तिची झाली आणि माझं अंथरूण धान साठवायच्या ढोलीजवळ गेलं, जिथं उंदरांची खुडबुड आणि बाबांचं घोरणं, दोन्ही ऐकू यायचं. थंडी सुरू झाल्यावर मायनं भंडाऱ्याहून तिच्यासाठी पांढरं स्वेटर आणलं. माझं जुनं होतं. त्याच्या बाह्या ओढून ओढून जेमतेम कोपराखाली यायच्या. आणि सगळ्यांत खुपायचं ते हे की माय तिला कधी रागवायची नाही. सुजाताच्या हातून तेलाची बाटली फुटली, तर माय म्हणाली, "राहू दे बाई, पायाले काच लागन." मी वाटी आपटली तरी, "हात का पाय आहेत व तुले?"

मला मत्सर वाटायचा. त्यात लाजण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वसतिगृहात नवी मुलगी आली की जुनी तिच्या खाटेकडे कसं बघते, हे मी दर जूनमध्ये पाहते. ज्याची जागा जाते त्यालाच जागेचं मोल कळतं. सुजाताचा आणि तिच्या सशाचा मत्सर मी वेगवेगळा करायची, पण सशाचा थोडा जास्त. सुजाताला निदान दुःख होतं. सशाला काय होतं? बाबांनी संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्या आणि मिलमधली जाळी लावून त्याला गोठ्याच्या कडेला पिंजरा करून दिला. धान निघाल्यावर बांधीत लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, उगवून वर आली होती, तिचा कोवळा शेंडा आम्ही भाजीला खुडायचो. तो आधी राजाला, मग आमच्या कढईत. आणि माय, जी मांजराला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, ती येताजाता जाळीतून बोट घालून त्याचं कपाळ खाजवायची.

स्वेटर आलं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "हिले स्वेटर, त्याले एवढे केस, मीच तेवढी उघडी. एक दिवस मी त्या राजाले भादरूनच टाकते."

बाबा हसले. सुजाता हसली नाही. माय म्हणाली, "तोंड आवर." आणि विषय संपला, असं मला वाटलं.

मग राजाचे केस जायला लागले. आधी गळ्याखाली एक फट दिसली, बोटानं भांग पाडल्यासारखी. सुजातानं शाळेतून आल्यावर ती दाखवली. बाबांनी सांगितलं, थंडीचं जनावर केस बदलत असते, साप कात टाकते तसं. पण दुसऱ्या दिवशी फट रुंद झाली, आणि त्यानंतर छातीवर आणि पोटाकडं चांगला मोठा भाग उघडा पडला, बाकीचं अंग मात्र पूर्वीसारखंच दाट. आणि राजा चिडका झाला. त्याला पाला घालणं माझ्याकडे होतं. हात आत घातला की तो घशातून गुरगुरायचा, पुढच्या पायांनी धडक द्यायचा, आणि एकदा त्यानं माझं बोट चावलं.

बातमी रांगेतल्या दुकानांत पोचली आणि जो तो बघायला यायला लागला. पंक्चरवाल्या काकांचं म्हणणं पडलं की ही खरूज आहे, करंजीचं तेल लावा. तेल लावलं, राजा दोन दिवस चिकट आणि आणखी चिडका झाला. शेजारच्या बुधाबाईला गजकर्ण वाटलं, पण गजकर्ण गोल असतं आणि हे गोल नव्हतं. कोणी म्हणालं मुतानं तणस ओलं राहते, त्यानं कातडी जळली. पण मायच्या राज्यात ओलं तणस राहणं शक्यच नव्हतं. कोणी लाखोळीवर आळ घेतला.

"लाखोळीनं मानूस लंगडा होते म्हणतात बाप्पा," बाबा म्हणाले, "टकला होते असं तं नाही ऐकलं."

"तुमच्याच डोक्याकडं पाहा न, आयुष्यभर लाखोळीचंच वरण खाल्लं," बुधाबाई म्हणाली, आणि त्या एका आठवड्यात आमच्या घरात कोणी हसलं असेल तर तेव्हाच.

सुजाता हसत नव्हती. ती जेवत नव्हती. तिचं साधं गणित होतं, जे तिनं मला सांगितलं नाही पण मायला सांगितलं आणि मी ढोलीजवळून ऐकलं : राजा आईनं दिला आहे, राजाला काही झालं तर आईला काहीतरी होईल. माय तिला थोपटत होती. "काही नाही होत व बाई. मी आहे न." मी कुशीवर वळले. मला कधी कोणी 'मी आहे न' म्हटलं नव्हतं. मला ते कोणी न म्हणताच मानून घ्यावं लागायचं.

शेवटी बाबा गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. ते कालवडीला सुई टोचायला आमच्याकडे यायचे, चांगले माणूस. "अरे, मी बैलांचा डॉक्टर," ते म्हणाले, "एवढूशा पेशंटला कुठं धरू?" तरी त्यांनी राजाला मांडीवर उताणं घेतलं, उजेडाकडं धरलं, कातडीवरून बोट फिरवलं, कान उलटे करून पाहिले. नर की मादी, हे त्यांनी विचारलं. सुजाता म्हणाली, नर, विकणाऱ्यानं सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. मग ते म्हणाले, "कातडी साफ आहे. खरूज नाही, गजकर्ण नाही. हे केस गळालेले नाहीत. उपटलेले आहेत."

 पुढच्या रस्त्यावरून ट्रक गेला आणि त्या दिवशी तो मला ऐकू आला. सगळ्यांनी लगेच माझ्याकडे पाहिलं असं नाही. आधी त्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं, आत एक केससुद्धा नव्हता. मग पाला घालणारं कोण हे त्यांना आठवलं. मग माझं चावलेलं बोट. मग माझ्या फ्रॉकवर, पाला घालताना चिकटलेले दोनचार पांढरे केस. आणि मग ते वाक्य, जे मी सगळ्यांसमोर म्हणाले होते.

"म्या नाही केलं," मी म्हणाले.

"मंग कोनं केलं? केस काय उडून गेले?" माय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "तूच म्हटलं व्हतं न, भादरून टाकते म्हनून?"

"म्हटलं व्हतं. केलं नाही."

"लेकराची माय दवाखान्यात पडून आहे, अन् तू तिच्या सशाचा जीव घेऊन राहिली. काहून व? काय कमी केलं तुले?"

काय काय कमी केलं ते मी क्रमानं सांगू शकले असते. साय, तेल, भिंतीकडची जागा, स्वेटर. पण सुजाता पिंजऱ्याला टेकून रडत होती, आणि त्या रडण्यापुढं माझी यादी मला फार लहान वाटली, आणि त्यामुळं तर मला तिचा आणखीच राग आला.

रात्री जेवताना मायनं निकाल दिला. रविवारी मामा बाजाराला येणार होता. मला त्याच्याबरोबर त्याच्या गावी, कोंढ्याला पाठवायचं. शाळा तिथं आहे. "सुजाताची माय बरी होतवरी राहा तिथं. थंडं होईल डोकं." बाबा ताटात बोटं फिरवत राहिले. "अगे, लहान आहे," एवढंच म्हणाले. मी भात गिळला. कोंढा चांगलं गाव आहे, मामा चांगला माणूस आहे. पण माझ्या घरातून मी जायचं आणि सुजातानं राहायचं, हे माझ्या डोक्यात कुठल्याच बाजूनं बसेना. मी गेले की माझी कामं तिला मिळतील. माझं 'बरं' तिला मिळेल. परत आले तरी पाहुणी म्हणून येईन.

पिंजऱ्याजवळ जायला मला बंदी झाली. राख टाकायला मात्र बंदी नव्हती. राख रोजची असते. दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन मी खातकुड्यावर गेले तर कडेला दोन साळुंक्या भांडत होत्या. एकीच्या चोचीत पांढरं काहीतरी होतं. मला आधी कापूस वाटला. मी टोपलं खाली ठेवलं आणि काडीनं वरचं शेण बाजूला केलं. तणसात गुंतलेला पांढऱ्या केसांचा पुंजका. त्याच्याखाली आदल्या दिवसाचं शेण, त्याखाली पुन्हा तणस, पुन्हा पुंजका. पुरणपोळीच्या चळतीसारखे थर होते. तणस जसंच्या तसं सरळ नव्हतं. वळवून वळवून त्याची वाटी केलेली होती, आणि वाटीच्या आत केस.

मी तिथंच उकिडवी बसले. मला ससे माहीत नव्हते, पण घरटं माहीत होतं. आमच्या छपराच्या कवेलूंच्या खाली चिमण्या दरवर्षी करायच्या. आणि सकाळचं तणस अंधारात टोपलीत भरून इथं आणून कोण टाकतं, हेही माहीत होतं. राजा गाईच्या गोठ्याच्या कडेला राहत होता, म्हणून माय त्याचंही तणस गाईसारखंच रोज काढून फेकत होती. न बघता. त्यानं रात्रभर केलेलं सगळं ती उजाडायच्या आत खातकुड्यात नेऊन टाकत होती, आणि तो दुसऱ्या रात्री छातीचे आणखी केस उपटून पुन्हा करत होता.

मी धावत जाऊन मायला सांगितलं. ती धान पाखडत होती.

"खातकुड्यात केस आहेत. तोच उपटून राहिला स्वतःचे. तू उद्या त्याचं तणस काढू नोको."

"तूच नेऊन टाकले असतील तिथं."

"माय, एक दिवस नोको झाडू."

"आता तू मले झाडनं शिकवशील?" तिनं सूप झटकलं. "रविवारी जायची तयारी कर."

म्हणून शनिवारी संध्याकाळी, सगळी आत असताना, मी गोठ्याच्या खांबावर चढून खराटा कवेलूवर फेकला.

सकाळी मला खराट्याच्या आवाजाऐवजी मायच्या आवाजानं जाग आली. ती अंगणात, गोठ्यात, वाडीत शोधत फिरत होती. "कोन मेल्यानं नेला? बुधाबाई, तुमच्याकडं आला काय व माहा खराटा?" बुधाबाई उठून आली. बाबा डोळे चोळत आले. सुजाता स्वेटर घालून दारात उभी राहिली. झाडल्याशिवाय मायला दुसरं कुठलंही काम सुरू करता येत नव्हतं. ती अंगणाच्या मध्ये उभी राहून नुसती गोल फिरत होती. आणि तोवर उजाडलं. माझ्या आठवणीत त्या अंगणावर मायनं न झाडलेला तो पहिला उजेड. रात्रीचं शेण तसंच, पानं तशीच, आणि पिंजऱ्यात तणस तसंच.

 मी फक्त पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहिले, जाळीपासून लांब, दोन्ही हात पाठीमागं धरून, सगळ्यांना दिसतील असे. एकेक करून सगळी माझ्या मागं आली. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तणसाची खोल वाटी झाली होती. राजाच्या तोंडात दोन्ही बाजूंनी तणस होतं, एखाद्या हवालदाराच्या मिशांसारखं. ते त्यानं वाटीत दाबलं, वर दाबलं, मागं सरून पाहिलं. मग त्यानं मान खाली घातली, स्वतःच्या छातीचे केस दातात धरले, आणि ओढले. आम्हाला ते ओढणं ऐकू आलं. पुंजका तोंडात धरून तो पुन्हा वाटीत वाकला.

"अगे माय," बुधाबाई म्हणाली. "हा कायचा राजा? हे तं बायको आहे कोनाची तरी! बाळंतपनाची तयारी करून राहिली."

बाबांनी तोंडावर हात ठेवला. सुजाता जाळीला नाक लावून बघत होती. तिचा श्वास जाळीतून धुक्यासारखा आत जात होता. मी मायकडं पाहत होते. ती पिंजऱ्याकडं बघत नव्हती. ती वाडीच्या टोकाकडं, खातकुड्याकडं बघत होती. किती सकाळी, किती टोपल्या, याचा हिशेब ती करत असावी. मग तिनं तणसाच्या ढिगात हात खुपसला, आतलं मऊ मऊ निवडून काढलं आणि पिंजऱ्याच्या दाराशी हळूच ठेवलं.

"खराटा कुठं आहे?" तिनं मला विचारलं. माझ्याकडं न बघता.

"कवेलूवर."

तिनं एकदा छपराकडं वर पाहिलं. "आजच्या दिवस राहू दे तिथंच," म्हणाली.

दुपारी मामा आला. चिवडा खाल्ला, चहा घेतला, आणि माझी पिशवी कुठं आहे म्हणून विचारू लागला. माय चुलीपुढून म्हणाली, "कोनची पिशवी गा? हे गेली तं राख कोन टाकन?" तिनं माझी माफी मागितली ती एवढीच. मामा काही न समजून एकटाच एसटीनं कोंढ्याला परत गेला.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर माझी पाळी येईल. झालं उलटंच. राजाची राणी झाली आणि तिचे लाड दुप्पट झाले. तिला गुळाचा खडा, तिला बाजरी. मायनं तर कमाल केली. जी बाई अंगणात काडी राहू देत नव्हती, तिनं तो कोपरा झाडणं बंद केलं. खराटा पिंजऱ्यापर्यंत यायचा, वळसा घ्यायचा आणि पुढं जायचा. माझ्यासाठी त्या खराट्यानं कधी वळसा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. मी राख टाकायला जाताना तो न झाडलेला अर्धगोल बघायची आणि माझ्या पोटात दुखायचं.

पिल्लं मात्र झाली नाहीत. होणार कुठून, घरात दुसरा ससा नव्हता. राणीनं घरटं राखलं, कोणी जवळ आलं की गुरगुरली, आणि मग एका दुपारी तिनं त्यातून स्वतःच उडी मारून बाहेर येऊन लाखोळी खाल्ली आणि पुन्हा तिकडं पाहिलं नाही. पुढं छातीवर बारीक लव आली, मग केस. सुजाताची आई फाल्गुनात बरी होऊन आली आणि दोघी, टोपलीसह, नागपूरला गेल्या. सशाची मादी जोडीशिवायही कधी कधी अशी पिल्लांची तयारी करते आणि त्यासाठी छातीचे केस उपटते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. डॉक्टरांना ते माहीत असणारच. पण त्यांना आम्हीच नर सांगितला होता.

तर परवा मी सुजाताच्या मुलीला उत्तर लिहिलं : तुझा ससा मादी आहे का ते डॉक्टरकडे नेऊन आधी बघ. तोवर कोपऱ्यातलं झाडू नकोस. संध्याकाळी सुजाताचा फोन आला. मादीच निघाली. पिंजरा झाडायला येणारी बाई रोज सगळं साफ करून टाकत होती. आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "तुले आठवते काय, मोठीमायनं तुले त्या दिवशी किती झापलं व्हतं?"

"मले नाही आठवणार तं कोनाले आठवन?"

"मी जाळीले टेकून रडून राहिली व्हती न. सगळ्याइले वाटलं सशासाठी." ती थांबली. "मी तुह्या जागेसाठी रडत व्हती व. मोठीमाय मले एकदाही रागावली नाही. तेल सांडलं तरी नाही. पाहुनीवर कोन रागावते? रात्री तिच्याजवळ झोपून मी हेच पाहत राहो, की उद्या तरी मले एखादी शिवी देईल."

 माझी सगळी यादी, साय, तेल, जागा, स्वेटर, एवढी वर्षं मी नीट सांभाळून ठेवलेली, आणि ही बाई त्याच घरातून दुसरीच यादी घेऊन गेली होती. खरं सांगायचं तर तिच्या यादीचासुद्धा मला थोडा हेवा वाटला. माझ्या यादीपेक्षा ती छोटी आणि जास्त जड होती.

"माय आहे इथंच," मी म्हणाले. "बोल तिच्याशी." आणि स्वयंपाकघरात जाऊन फोन मायच्या कानाला लावला.

मायचा आवाज लगेच बदलला. तोच, दसऱ्यानंतरचा. "कशी आहेस व बाई सुजाता? जेवली काय? तब्येतीले जप हो. पोरगी बरी आहे न?" तिकडून सुजाता हो, हाव, बरी आहे, म्हणत राहिली. मायनं दोनदा 'जप हो' म्हटलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. मग ती गॅसकडं वळली, झाकण उघडून पाहिलं आणि माझ्यावर कडाडली.

"भात करपून राहिला अन् हे फोन धरून उभी आहे! डोळे का दुकानात ठेवले व तुह्ये?"

मी गॅस बारीक केला. फोन बंद केला नाही, सुजाता अजून तिकडं होती. त्याचं तोंड मायकडं धरून मी तशीच उभी राहिले, तिचं सगळं बोलून होईपर्यंत.